डावा कान

निजामी अमलात बीडला शाळेत असताना मी सतार शिकलो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच, आणि पुढे पदवीपर्यंत पोचलो तोही या सतारीमुळेच. उस्तादांचे उपकार मी आजही मानतो. तरी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही.

उस्ताद हैदराबादेहून आलेले. एका जहागीरदारांनी त्यांना आपल्या आवारात दोन खोल्या दिल्या होत्या. शिकायला आम्ही दोघंच. मी पाटोद्याकडचा, दुसरा माझ्याच वर्गातला, चकलांब्याच्या कुणब्याचा मुलगा. दोघं धर्मशाळेत राहायचो, घरून आलेली भाकर वाटून खायचो. वर्षाअखेरीस उस्ताद एकाच्याच मनगटावर गंडा बांधणार होते. गंडा बांधला की तो त्यांचा कायमचा शागीर्द, आणि शाळा पुरी होईपर्यंत राहणं-जेवण जहागीरदारांकडे. दुसऱ्यानं गावी जाऊन औत धरायचं.

रियाज कडक होता. रात्री उस्ताद सगळ्या तारा उतरवून ठेवत. सकाळी शाळेआधी आम्ही त्या पुन्हा सुरात लावायच्या. कुठलाही पलटा आधी गळ्यातून, मग बोटांतून. गाता आला नाही तर सतारीला हात लावायचा नाही. मी तर वाटेनं चालतानाही मनात षड्ज धरायचो आणि मोटेच्या चाकाची कुरकुर कुठल्या सुरात आहे ते ताडायचो.

शेवटी कानाची परीक्षा. उस्तादांच्या दोन बाजूंना दोन सतरंज्या. उस्ताद आणि आम्ही दोघंही दाराकडे तोंड करून बसायचो. उस्ताद तार छेडत, खुंटी केसभर फिरवत, पुन्हा छेडत. चढी वाटली तर बोट वर, उतरी वाटली तर खाली, दोघांनी एकदमच. चुकेल त्याच्या कानाखाली दुसऱ्यानं वाजवायची. शाळेत गणिताच्या तासाला हाच कायदा होता, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही.

सुरुवातीला दोघंही सारखाच मार खायचो. पुढे माझा कान तयार झाला आणि मारायची पाळी बहुधा माझीच येऊ लागली. हात उजवा, म्हणून लागायची ती त्याच्या डाव्या कानाला. हलकी बसली की उस्ताद ओरडत, ‘‘क्या रे हौले, मार रहा कि मक्खी उडा रहा?’’

धर्मशाळेत परतताना तो हसायचा. ‘‘लई जोर आलाय बे तुला. भाकर माझी खातूस अन् मलाच हाणतूस.’’

दिवाळीनंतर त्याच्या उशाच्या धोतरावर पिवळे डाग दिसू लागले. तो कानात तेलाचा बोळा घालून निजायचा. ‘‘उस्तादाला बोलू नगंस,’’ म्हणाला. मी बोललो नाही. मग तो रोज उस्तादांच्या डाव्या हाताच्या सतरंजीवर बसू लागला. तिथं बसलं की उजवा कान सतारीकडे येतो. त्याचं चुकणं कमी झालं. का, ते मला कळत होतं.

शेवटच्या परीक्षेला जहागीरदार स्वतः आले होते. मी लवकर जाऊन त्या सतरंजीवर बसलो.

‘‘ऊठ बे, ती माझी जागा हाय.’’

‘‘तुझ्या नावानं सनद हाय का?’’

‘‘तुला म्हाईत हाय मी कावून म्हणतोय ते.’’

‘‘न्हाई म्हाईत.’’

‘‘बैठो रे, बैठो!’’ उस्ताद म्हणाले. तो दुसरीकडे बसला. पहिली तार छेडली तशी त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला.

‘‘गर्दन सीधी!’’

पाचांपैकी तीनदा तो चुकला. मी एकदाही नाही.

मी उठलो. तो समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘डावीकडंच मार. उजवा राहू दे.’’

मी डावीकडंच मारल्या. तिन्ही, आवाज येईल अशा.

उस्तादांनी माझ्या मनगटावर गंडा बांधायला घेतला. गूळ-चणे वाटले गेले, त्यालाही मूठभर मिळाले, ते तो खात उभा राहिला. जहागीरदार त्याच्या डाव्या अंगाला येऊन विचारू लागले, गावी जायला गाडी आहे का, आमची देऊ का. त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तो दाराकडे बघत चणे खात राहिला.

‘‘बडा मगरूर है,’’ म्हणत जहागीरदार मागे फिरले.

मी सांगू शकलो असतो. उस्ताद दुसरी गाठ मारत होते. मी हात हलू दिला नाही.