कोरडी बाटली

"तुझं काम मूत फेकायचं. पाहायचं नाही."

डॉक्टरसाहेब अख्ख्या वॉर्डासमोर बोलले. सिस्टर हसली. खाटाखाटांवरचे लोक माह्याकडे पाहून राहिले होते. मी बाटली घेऊन तशीच उभी.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. दवाखाना भंडारा जिल्ह्यातलाच, नाव नाही सांगत. मी ऑपरेशनच्या वॉर्डात सफाईवाली. पेशंटच्या अंगाले हात लावायची मले मनाई. आमच्या जातीच्या हातानं फक्त घाण उचललेली चाले.

पण घाणच तर सगळं सांगते. आंबागडच्या एका पोरीचं आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सकाळपासून तिच्या लघवीच्या नळीची बाटली कोरडी. पोरगी सारखी पाणी मागे, तळमळे. कपाळावर गार घाम. अन कागदावर नाडी एकदम बरोबर! सिस्टरनं हात न लावताच कालचा आकडा उतरवला होता, माह्या डोळ्यादेखत. हेच सांगाले मी साहेबाकडे गेली होती.

न्हाणीत जाऊन बसली. नोकरी कच्ची, घरी दोन लेकरं. अन त्याच्याहून मोठं भेव दुसरंच होतं. उन्हाळ्यात शहापूरचा एक माणूस असाच पाणी पाणी करत मेला. त्याचीबी बाटली कोरडी होती. मी पाहिलं होतं, अन गप्प राहिली होती.

दुपारी पोरीची माय म्हणे, "बाई, निजली वाटते माही पोरगी."

निजली कायची? ओठ पांढरेफटक. मी तिचा पाय धरला. हो, धरला. थंडगार होता. माय दचकली, पण माहा हात तिनं हटवला नाही.

पोरीची कोरडी बाटली काढली अन तशीच साहेबाच्या खोलीत गेली. ते जेवून राहिले होते. बाटली त्यायच्या डब्याजवळ ठेवली.

"पागल झाली का? उचल ते."

"नाही उचलत. पहिले पोरीले पाहा. मंग मले काढा."

आवाज फाटला होता माहा. दारातून मी हटली नाही. शेवटी ते उठले.

पोरीचं पोट पुन्हा उघडलं. आत रक्त साचलं होतं, म्हणूनच बाटली कोरडी. वाचली पोरगी. मले आठ दिवस घरी बसवलं, साहेबाले उलटून बोलली म्हणून. परत आली तं सिस्टर म्हणते, "आता तरी पायरीनं राहा."

भेव अजूनबी लागते. पण पेशंट बिघडताना दिसला का मी पहिले त्याचा हात धरते, मंग बोंबलते. ज्याले विटाळ होते त्याले होऊ द्या. माह्या गप्प बसण्यानं एक माणूस गेला. दुसरा जाणार नाही.