मीटर कोणी फिरवलं?

गाड्यांच्या तपासणी केंद्रावर खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे आकडेबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. सत्तावीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून एकच काम करत होत्या. आत खड्ड्यावर गाडी उभी राही. तपासनीस तिचे ब्रेक, दिवे, टायर बघे, डिझेलची असली तर इंजिन रेस करून धूर मोजे, आणि त्या गोंगाटातच मीटरवरचे किलोमीटर ओरडून सांगे. बाई ते टाइप करीत. मग तोच आकडा तपासनीस चिठ्ठीवर लिहून खिडकीतून आत सरकवी. चिठ्ठी टाइप केलेल्या आकड्याशी ताडून पाहायची, असा नियम होता. आपण तो कधीच मोडला नाही, असं बाई सांगत. खरं म्हणाल तर पहिली काही वर्षं त्यांनी तो पाळला. मग स्वतःच्या कानांवर त्यांचा इतका भरवसा बसला, की चिठ्ठ्या नुसत्याच तारेत ओवल्या जाऊ लागल्या.

चूक दुरुस्त करायला केंद्रावर एक पिवळा फॉर्म असे. चुकणाऱ्याने तो स्वतः भरायचा, सही करायची, वर गाडीच्या मालकाचीही सही आणायची. बाकीच्यांनी असे फॉर्म डझनांनी भरले होते. बाईंच्या नावावर एकही नव्हता. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि साहेबांनी मानपत्र छापायला टाकलं होतं. त्यात ओळ होती: ‘सत्तावीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही.’ कच्चा मजकूर बाईंनी घरी नेऊन मुलीला दोनदा वाचून दाखवला.

अशात जावयाला जुनी डिझेल गाडी घ्यायची हुक्की आली. सासू केंद्राच्या खिडकीत बसलेली असताना मेकॅनिकच्या मिनतवाऱ्या कशाला करायच्या, म्हणून सुटीच्या दिवशी तो त्यांनाच घेऊन गेला. गाडीचा मालक म्हातारा घड्याळजी होता. गावोगावच्या मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, ते सगळं याच गाडीतून. आता नजर अधू झाल्यामुळे त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. इमारतीच्या अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. जावई लगेच बॉनेट उघडायला निघाला.

“गाडी नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी कागद.”

जावयाने केंद्रावरून काढून आणलेला गाडीचा इतिहास त्यांच्या हाती दिला. दर वर्षाची एक ओळ. तारीख, किलोमीटर, धुराचं माप, शेरा, आणि शेवटी एक बारीकसा रकाना. बाईंचं बोट किलोमीटरच्या रकान्यावरून खाली उतरत गेलं. एक लाख छत्तीस हजार. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. त्याच्या खाली एक लाख साठ हजार. बोट थांबलं.

“जावईबापू, चला घरी.”

“का? काय झालं, आई?”

“वर्षभर रिव्हर्समध्ये चालणारी गाडी पाहिलीय का कुठे? ही चाललीय. तीन वर्षांपूर्वी एक लाख चौऱ्याऐंशी, पुढच्या वर्षी एक लाख साठ. मीटर मागे फिरवलंय यांनी.”

म्हातारा गाडीपाशी उभा होता. “बाई, मी मीटरला हात लावलेला नाही. तो मधला आकडाच चुकीचा चढलाय. याच्याआधी दोन गिऱ्हाइकं त्याच्यावरूनच परत गेली.”

“केंद्रावर आकडे चुकत नाहीत,” बाई म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत होता. सत्तावीस वर्षं इंजिनांच्या वरताण बोलायची सवय.

म्हातारा काही बोलणार होता. त्याने बाईंकडे जरा निरखून पाहिलं आणि तोंड मिटलं. तळमजल्यावरचा शिंपी दुकानाच्या दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “घड्याळाचे काटे फिरवण्यात जन्म गेला ह्यांचा! मीटर म्हणजे काय, डाव्या हातचा मळ!” अंगणातले चारसहा जण हसले. जावईही हसला. म्हाताऱ्याने गाडीवर पुन्हा कापड ओढलं आणि खाली वाकून त्याच्या नाड्या एकेक करून बांधल्या. बाई घरी आल्या त्या लढाई जिंकल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद केंद्रावर नेला. चोर कसा पकडायचा, हे तपासनिसाला दाखवायचं होतं. त्याने हात पुसले, चष्मा चढवला आणि कागद सावकाश वाचला.

“बाई, ही गाडी आधी वर्षाला बारा हजार पळायची. नंतरही बाराच. मधल्या एका वर्षात अठ्ठेचाळीस?”

“तेच तर म्हणतेय मी!”

“आणि त्या ओळीत शेवटच्या रकान्यात सात आहे.”

शेवटचा रकाना म्हणजे आकडा टाइप करणाऱ्याचा नंबर. बाईंनी तो कधी वाचलाच नव्हता. त्यांच्या कामात त्याची गरजच पडत नसे. सात नंबर त्यांचाच होता. तो त्यांच्या समोरच्या पडद्यावर चिकटवलेलाही होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हे.

“मग तेव्हा मीटरवरच तसं असणार,” असं म्हणून बाई उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि तीन वर्षांपूर्वीचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी सोडला. अर्ध्या तासात चिठ्ठी सापडली. तपासनिसाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, १,४८,२१०. चार आणि आठ त्यांच्या हातून उलटे पडले होते. बाईंना आधी राग आला, कोणावर ते कळेना. मग लाज वाटली, आणि तिच्यामागून मानपत्राची धास्ती.

साहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि दार लोटून घेतलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. हे गठ्ठे महिनाअखेर लगद्याला जातील, तुम्हीही घरी जाल. मानपत्र छापून आलंय. कशाला उगाच?”

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि चार दिवस ती तिथेच राहिली. त्या चार दिवसांत त्यांनी प्रत्येक चिठ्ठी आकड्याशी ताडून पाहिली. खिडकीसमोर रांग लांबली, लोक कुरकुरले. पाचव्या दिवशी जेवताना जावई खुशीत म्हणाला, “आई, त्या म्हातारबाची गाडी सोमवारी भंगारवाला उचलणार म्हणे. गिऱ्हाईक फिरकतच नाही. बरं झालं ना? ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या आईंनी पकडलं म्हणून.”

बाईंचा घास हातातच राहिला. सकाळी केंद्रावर पोचताच त्यांनी पिवळा फॉर्म मागितला. ‘चुकीचे कारण’ या ओळीत आधी लिहिलं ‘गोंगाट’. मग ते खोडून लिहिलं, ‘चिठ्ठी पाहिली नाही.’ साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मानपत्रं परत छापखान्यात पाठवली.

आता मालकाची सही उरली होती. संध्याकाळी बाई दोन जिने चढून घड्याळजीकडे गेल्या. एकच खोली, खिडकीपाशी टेबल, भिंतीवर चार घड्याळं. चारही एकच वेळ दाखवत होती. बाईंनी फॉर्म पुढे केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला होता, म्हणून अर्धं पुन्हा सांगावं लागलं. म्हाताऱ्याने भिंगातून फॉर्म वाचला. कारणाच्या ओळीवर भिंग जरा जास्त वेळ थांबलं. मग त्याने सही केली.

“रविवारी अंगणात मी तुम्हाला ओळखलं होतं,” तो म्हणाला. “आवाजावरून.”

“म्हणजे?”

“तीन वर्षांपूर्वी कागद हातात पडल्याबरोबर मी खिडकीशी परत आलो होतो. म्हटलं, बाई, आकडा जरा बघता का. तुम्ही म्हणालात, केंद्रावर आकडे चुकत नाहीत, पुढचे या.”

बाईंना हे आठवत नव्हतं. पण शब्द आपलेच आहेत, हे त्यांना पटलं. असं किती जणांना म्हणालो असू, हा विचार त्यांच्या मनात आला.

“मग रविवारी का नाही बोललात? सगळ्यांसमोर?”

“एकदा बोललो होतो ना,” म्हातारा म्हणाला आणि फॉर्मची नीट घडी करून त्याने तो परत दिला.

बाई जिना उतरल्या. अंगणात गाडी कापडाखाली उभी होती. शिंपी मशीनवरून मान वर करून हसला. “काय बाई, आज आणखी काय पकडलंत म्हातारबाचं?”

“मीटर त्यांनी नाही फिरवलं,” बाई म्हणाल्या. “मी फिरवलं.”

शिंप्याला ती थट्टा वाटली. मशीनही चालू होतं. तेव्हा बाईंनी दाराशी जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी खिडकीतल्या आवाजात, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.