ठाण्याच्या ओट्यावरची बर्गंडी

ती घटना आठवायला मला काही चाळावं लागत नाही, मे महिन्याचं ऊन पुरतं. जळगावचं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला जास्त सांगायला नको. मी शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले आणि तेव्हा शहरातल्या एका ठाण्याला होते. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात.

कापसाच्या एका बड्या शेठची फिर्याद आली. बैठकीतल्या काचेच्या कपाटातून परदेशी वाइनच्या बाटल्या गेल्या होत्या. फ्रान्सच्या, इटलीच्या, पोर्तुगालच्या. एकेक बाटली म्हणे मोटारसायकलच्या मोलाची. शेठचा संशय ठरलेला होता. घरी पोळ्या करणाऱ्या अक्का फाटकावरच्या कॅमेऱ्यात भरलेली पिशवी घेऊन जाताना दिसत होत्या. 'हिला आत घ्या, संध्याकाळपर्यंत कबूल होईल,' असं शेठ मला सांगत होते, जसं काही ठाणं त्यांच्या जिनिंगच्या आवारातच आहे.

अक्का मूळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या. नवरा नाही, चार घरची कामं. चौकशीसाठी आमची गाडी गल्लीत जाऊन त्यांना घेऊन आली आणि लगेच बाकीच्या घरांनीही 'सध्या येऊ नका' असा निरोप धाडला. पिशवीत गोधडीसाठी दिलेल्या जुन्या साड्या होत्या. शेठाणींनीच दिल्या होत्या, पण नवऱ्यापुढे त्यांचा आवाज निघत नव्हता. अक्का आपल्या अहिराणीत मला म्हणाल्या,

“बाई, मन्हं बठ्ठं घर दखी ल्या. त्या बाटल्यास्मा काय शे, हाई बी माले ठाऊक नही. पन पोलिसनी गाडीमा बसनू ना मी. आते माले कोन चुलीजोडे उभं करी?”

घराची झडती घेतली, काही मिळालं नाही. मी ठरवलं, पुराव्याशिवाय या बाईला अटक करायची नाही, वरून फोन आला तरी. फोन आलाच. 'होय साहेब, तपास चालू आहे,' म्हटलं आणि पुन्हा शेठच्या बैठकीत जाऊन कपाटापुढे उभी राहिले.

कपाटात सोनेरी कागदाच्या, चकचकीत बाटल्या जागच्या जागी होत्या. गेल्या त्या मळकट कागदाच्या, साध्या दिसणाऱ्या. नाशिककडच्या एका वाइनवाल्याला कपाटाचे आधीचे आणि आताचे फोटो पाठवून विचारलं. तो म्हणाला, चोराने निवडून मोलाच्या तेवढ्याच नेल्यात, मागे सोडल्यात त्या विमानतळावर मिळणाऱ्या, साध्या. वर त्यानेच मला विचारलं, “मॅडम, तुमच्याकडच्या उन्हात चोराने त्या ठेवल्यात कुठे? आडव्या, अंधारात, गार नाही ठेवल्या तर वाया जातील.” म्हणजे चोर जाणकार होता. ज्या बाईला मराठी पाटी वाचता येत नाही, ती फ्रेंच कागद वाचून बाटल्या निवडणार होय?

त्याच आठवड्यात केळी बाजारात चहाची गाडी लावणाऱ्या एका ताईने बातमी आणली. केळीचा भर हंगाम आणि केळी पिकवायच्या एका थंड खोलीला कुलूप. केळी ना आत जाते ना बाहेर येते, तरी गार हवेचं मशीन चालूच. खोली शेठच्या मेव्हण्यांची. हे गृहस्थ बरीच वर्षं परदेशात हॉटेलच्या धंद्यात होते. शेठना वाइनची गोडी त्यांनीच लावलेली. पण नुसत्या कानगोष्टीवर त्या कुलपाला हात लावायची माझी तयारी नव्हती.

चोरीतून एकच चांगली बाटली वाचली होती, कारण शेठने ती आदल्या दिवशी फ्रीजमध्ये टाकली होती. फ्रान्सची बर्गंडी. ती नमुना म्हणून ठाण्यात आणलेली होती. भर दुपारी मी ती बाहेर ओट्यावर, उघड्या उन्हात उभी करून ठेवली. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की बाईलाच ऊन लागलं की काय. त्याच ओट्यावर बाजूलाच अक्का बसलेल्या. आपल्यावरचा आळ कधी निघतो ते विचारायला त्या रोज यायच्या. आत पंख्याखाली या म्हटलं की म्हणायच्या, “मी काय चोर शे का, आतमा बसाले?”

मग एकेकाला जबाबाला बोलावलं. शेठच्या ड्रायव्हरने बाटली पाहिली आणि ही आता कोण पिणार, असं हसत विचारलं. शेठ आले, त्यांनी बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अटकेचं तुणतुणं तेवढं लावलं. शेवटी मेव्हणे आले. गोड माणूस, उत्तरं तयार. वाइनमधलं आता काही आठवत नाही म्हणाले. पण नजर सारखी दाराबाहेर. माझे प्रश्न संपेनात, तसे ते खुर्चीत चुळबुळायला लागले. एकदम उठले, ओट्यावर गेले, अक्कांच्या पुढ्यातून बाटली उचलून आत आणली आणि माठामागच्या गारव्यात आडवी ठेवली. वर आपला रुमाल झाकला.

मी म्हटलं, “आणि बाकीच्या कुठे ठेवल्यात?”

त्यांनी मान खाली घातली आणि थंड खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

पंचांसमक्ष खोली उघडली. केळीच्या रिकाम्या क्रेटमागे, गोणपाटाखाली, सगळ्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. एकेकीला हात लावून ते सांगत होते, ही बर्गंडीची, ही इटलीच्या डोंगरातली बारोलो, ही पोर्तुगालची पोर्ट. विकायला नेल्या नव्हत्या. “दाजी यांत बर्फ आणि सोडा घालून शेवभाजीबरोबर पाहुण्यांना पाजतात, बाई. माझ्याच्याने बघवेना.” खरं सांगते, क्षणभर मला त्यांची दया आली. मग मी अक्कांचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, “काही सापडलं नाही की तुम्ही सोडालच ना त्यांना.”

तिथे माझी दया संपली.

आता शेठचा सूर बदलला. घरातली गोष्ट आहे, मिटवून टाका. मी म्हटलं, गुन्हा नोंदलेला आहे, काय सांगायचं ते कोर्टात सांगा. पण त्याआधी एक काम आहे. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर असते. त्याच वेळी मी गाडी अक्कांच्या दारापर्यंत नेली. गाडीत अक्का होत्या आणि शेठही होते. सगळ्यांसमोर शेठना बोलायला लावलं, की चोरी आमच्याच माणसाने केली, या बाईचा काही संबंध नाही. आवाज बारीक आला, तेव्हा पुन्हा म्हणायला लावलं.

बाकीच्या घरांनी अक्कांना परत बोलावलं. शेठाणी स्वतः बोलवायला आल्या. अक्कांनी त्यांना चहा पाजला आणि तुमच्याकडचं काम नको म्हणून सांगितलं.

नोकरीने मला पुष्कळ शिकवलं, पण या तपासाने दिलेलं मी शेवटपर्यंत सोडलं नाही. माणूस कशाला जपतो ते बघत राहिलं की चोर हाती लागतो. त्या गृहस्थांना बाटलीला लागणारं ऊन दिसलं. तिथेच हातभर अंतरावर, त्यांच्याच चोरीपायी घाम पुसत बसलेली बाई दिसली नाही. पुढे हाताखालच्या पोरापोरींना मी एवढंच बजावत आले: संशयावरून कुणाला दारातून उचललंत आणि तो निर्दोष निघाला, तर त्याला ठाण्याच्या फाटकाशी सोडून मोकळे होऊ नका. दारापर्यंत जा, आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोला.