आईला कोण सांगतं?

एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेलं जाऊ नये, म्हणून आमच्या वाचनालयातले जुने सभासद त्यात पेन्सिलीने आपापली खूण करून ठेवतात. कुणाचं पहिल्या पानावर टिंब, कुणाची शेवटच्या पानावर फुली. सुमनताईंची चांदणी मात्र दर रहस्यकथेत वेगळ्याच पानावर सापडते. त्यांच्या तरुण मुलाच्या खुनाला आता कितीतरी वर्षं झाली. मारेकरी मिळाला नाही आणि पोलिसांनी फाईल बंद केली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

काल मी परत करायला आणलेली कादंबरी त्यांनी हातात घेतली. तीतला इन्स्पेक्टर एका मुलाच्या जुन्या, विसरलेल्या खुनाचा छडा लावतो.

"सापडतो का हो यात?"

"सापडतो. अगदी शेवटी."

"मग त्या मुलाच्या आईला कोण सांगतं?"

म्हणजे ती चांदणी आईला सांगतात त्या पानावर असते तर! मी त्यांच्या हातातल्या पुस्तकाचीच पानं घाईघाईने चाळू लागले. पुरावे होते, कबुली होती, इन्स्पेक्टरचं कौतुक होतं. आई पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातच झुरून वारली होती, आणि वाचताना मला त्यात काहीच खटकलं नव्हतं.

"आई आधीच जाते यात," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"अशी कशी जाईल?" त्या म्हणाल्या. "कुणी सांगायला आलं, तर घरात कुणी नको का?"