उघड्यावरची पाच मिनिटं

चिकलठाण्याच्या ज्या फार्मसी कॉलेजात मी संशोधन करते, तिथं बद्रीमामा प्रयोगाचे उंदीर सांभाळतात. प्रयोगातल्या उंच फळीचा अर्धा भाग भिंतींआड, अर्धा उघडा असतो. उंदराला तिच्यावर पाच मिनिटं सोडून मी बघत बसते. घाबरलेला उंदीर भिंतीआडच बसतो. गांजातलं द्रव्य थोडंसं दिलं की उघड्यावर येतो, जास्त झालं की पुन्हा कोपरा धरतो.

"भीती आवरायला मेंदू असंच द्रव्य स्वतःही बनवतो, मामा," मी तोऱ्यात सांगितलं.

"माझा नसंल बनवत, ताई. बायको गेल्यापासून दारातल्या ओट्यावरसुद्धा बसवत नाय."

मी मूर्खासारखी हसले.

सोमवारी मामा आपणहून म्हणाले, "काल बसलो ओट्यावर. घड्याळ लावून, पाच मिनिटं."

"मग? कसं वाटलं?"

पिंजऱ्यात पाणी भरत ते म्हणाले, "उंदराकडं तुम्ही तरी बघत असता."