खरा वकील

"सायेब, मला खरा वकील मिळंल का?"

माझ्या दिराने हात जोडून न्यायाधीशांना हे विचारलं, तेव्हा त्याची वकील त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. अंगात काळा कोट, गळ्याशी पांढरे पट्टे, हातात फाईल. साक्षीदाराला विचारायला घेतलेला तिचा प्रश्न अजून अर्ध्यावरच होता. ती माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी याच दिराच्या खांद्यावर बसून ती जत्रेला जायची.

कोर्ट हसलं. बाकांवर बसलेले हसले, दारात उभे असलेले हसले. समोरचा वकील तोंडावर फाईल धरून हसला, तेवढी रीत त्याने पाळली. न्यायाधीश हसले नाहीत. ते दिराला म्हणाले, "या वकीलच आहेत. सनद आहे त्यांच्याकडे."

"हां सायेब," दीर म्हणाला, "पन ही आमचीच हाय."

यावर तर दारातला पोलीसही हसला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि आरोपीला दुसरा वकील करायचा असेल तर तोपर्यंत करावा, असं सांगितलं. नातीने मान तुकवली, फाईल बंद केली आणि बाहेर आली. व्हरांड्यात तिने कोट काढून त्याची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, "आजे, मी पतपेढीत जाते."

शहापूरच्या एका पतपेढीत माझ्या मुलाने तिच्यासाठी टेबलावरचं काम बघून ठेवलं होतं. तिने दिवाळीपर्यंतची मुदत मागितली होती. तोवर वकिलीत बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने पतपेढी, असं बापलेकीचं ठरलं होतं.

आम्ही ठाकर. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना रस्ता सोडून आत डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. मी चौथी शिकले, तीही मास्तर येईल त्या दिवशी. मुलगा मुरबाड ते कल्याण जीप मारतो. त्याच जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसून नात कल्याणकडच्या कॉलेजात जायची, मांडीवर कायद्याचं पुस्तक आणि पुस्तकावर कुणाचंतरी पोर. पास झाली तेव्हा आमच्या पाड्यातली ती पहिली वकील.

मग तिचे सत्कार सुरू झाले. ज्यांनी तिला कधी ओळखही दिली नव्हती, त्यांनी नाक्यावर बॅनर लावला. बॅनरवर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, त्यांच्या मुलांचे मधले फोटो आणि खाली कोपऱ्यात काळ्या कोटातली ती. वर लिहिलं होतं, आदिवासी समाजाची शान. शाळेने सत्कार केला, मंडळाने केला, एका पक्षाने केला म्हणून दुसऱ्यानेही केला. प्रत्येक भाषणात म्हणायचे, हिला समाजाने हात दिला पाहिजे. भाषण संपलं की तो हात नारळ द्यायला पुढे यायचा. घरात इतके नारळ झाले की सूनबाई कालवणात जरा जास्तच वाटण घालायला लागली. काम मात्र कुणी दिलं नाही. स्टेजवर बसलेल्यांत वकीलही असायचे. ते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचे.

मुंबईची एक संस्था होती. मागास समाजातली मुलं वकिलीत पुढे यावीत म्हणून ती शिबिरं घ्यायची. नातीला बोलावणं आलं. ती गेली आणि पुष्कळ काही शिकून आली. आपली ओळख कशी करून द्यायची, खुर्चीत कसं बसायचं, चहाचा कप कसा धरायचा. 'नाय' न म्हणता 'नाही' म्हणायचं, आणि त्यातला ह ऐकू आला पाहिजे. घरी येऊन ती आठवडाभर ह काढून बोलत होती. तिचा बाप म्हणाला, "पोरीला दमा लागला का?"

शिबिराच्या शेवटच्या दिवशी एका बाईंनी सगळ्यांना आपापला संघर्ष सांगायला लावला. नातीच्या आधीच्या मुलाने असा संघर्ष सांगितला की बायांनी डोळे पुसले. मग नातीची पाळी आली. तिने खरं ते सांगितलं: बापाची जीप आहे, घरात कुणी उपाशी झोपत नाही, आजी तापट आहे. बाईंनी विचारलं, "तरीपण काहीतरी असेल ना?" नात म्हणाली, "काम मिळत नाही, हेच." बाई म्हणाल्या, त्यासाठीच तर आपण जमलोय. आणि सगळ्यांना पिशवी आणि प्रमाणपत्र दिलं.

मग ती वकिलांच्या ऑफिसांत फिरली. नवा वकील आधी कुणा जुन्या वकिलाच्या हाताखाली शिकतो, मग त्याचं जमतं. तिला पाणी सगळीकडे मिळालं. आडनाव ऐकलं की वकील प्रेमाने सांगायचे, "तुम्हाला सरकारी नोकरी पटकन मिळेल की. इथे कशाला उन्हातान्हात?" सरकारी नोकरीवाल्यांकडे गेलं की ते म्हणायचे, "तुम्ही वकील झालात, आता नोकरी कशाला?" दोघांचंही बोलणं आपुलकीचं होतं.

शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका मोठ्या वकिलाने तिला ऑफिसात बसू दिलं. बसू दिलं म्हणजे दाराजवळच्या स्टुलावर. पाड्यांवरची माणसं आली की साहेब बोलतील ते त्यांना आमच्या बोलीत सांगायचं आणि ती बोलतील ते साहेबांना साहेबांच्या बोलीत. कुणी मोठं माणूस आलं की वकील म्हणायचा, "ही आमची आदिवासी मुलगी." पगार नव्हता. माणूस वाईट नव्हता, दुपारी वडापाव मागवला की तिच्यासाठीही मागवायचा. पगाराचं काढलं की म्हणायचा, "आधी स्वतःची एखादी केस आण. मग बघू."

तशात दिरावर केस झाली. त्याच्या भाताच्या खाचराकडे जायच्या वाटेवरची जमीन मुंबईच्या एका माणसाने विकत घेऊन फार्महाऊस बांधलं होतं. वाटेवर त्याने तार ओढली. एके दिवशी ती तार तुटलेली सापडली आणि मालकाने दिराचं नाव घेतलं, कारण त्या वाटेने जाणारा तो एकटाच होता. दीर म्हणायचा, "मी तारंखालून वाकून जातो. तोडू कशाला? माजी कंबर अजून चालते."

वकील कोण घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. घरातली वकील होती, फी नव्हती. नातीने आठवडाभर तयारी केली. दिराला समोर बसवून आमच्याच बोलीत एकेक गोष्ट विचारून घेतली, कोर्टात काय होईल ते समजावून सांगितलं. तो हां हां म्हणत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दीर कुणाचं ऐकून घ्यायला लागला की त्याच्या मनात वेगळंच काहीतरी शिजत असतं.

कोर्टातून आम्ही एकाच एसटीने घरी आलो. दीर पुढे बसला, आम्ही मागे. घरी अंगणात मी त्याला विचारलं, "पोरीची अब्रू घालवलीस. काय कमी होतं तिच्यात?"

"कमी काय नाय गो वैनी," तो म्हणाला. "पन ती बोलली ते मला समदं कळलं."

"मग?"

"मग काय? वकिलाचं बोलनं आपल्याला कळतं का कधी? डॉक्टरचं लिवलेलं कळतं का? ज्याचं कळतं तो कंपाउंडर."

नात ओट्यावर बसून ऐकत होती. मी म्हटलं, "कळलं ते बरं नाय का?"

"मला कळलं, म्हंजे त्या समोरच्या वकिलालाबी कळलं. मग त्याला उत्तर सुचनार नाय का?" तो म्हणाला. "आनि फी बी नाय घेत. फुकटचं काम कोन मनापासून करतो?"

आमच्या पाड्यावर सगळ्यांचं हेच मत होतं, फक्त तो कोर्टात बोलला. केस असलेली आणखी माणसं पाड्यावर होती. ती नातीच्या दारावरून जीप धरून तालुक्याला जायची आणि तिथे दुसऱ्याच कुणा वकिलाच्या पायऱ्या चढायची. जाताना तिलाच विचारायची, "वकील पोरी, गाडी किती वाजता हाय?"

नात मला म्हणाली, "आजे, बाहेरच्यांना मी त्यांची वाटत नाय, आणि आपल्यांना मी आपलीच वाटते. मी करू काय?"

मी म्हटलं, "दिवाळीला अजून वेळ हाय. भात कापून होऊ दे. मग जा पतपेढीत नायतर विहिरीत." मला गोड बोलता येत नाही. तीही ते मनावर घेत नाही.

दिराने घरातलं गेल्या सालचं भात विकलं, दोन बोकड विकले आणि खरा वकील केला. कुणाला केला, तर नात ज्याच्या दाराशी स्टुलावर बसायची त्याच मोठ्या वकिलाला. तालुक्यात त्याचीच पाटी सगळ्यांत मोठी होती. फी टेबलावर ठेवताना दिराने नातीकडे पाहिलंही नाही. वकील काय बोलतो ते नातीने त्याला आमच्या बोलीत सांगितलं. ते मात्र त्याने लक्ष देऊन ऐकलं.

तारखेच्या दिवशी सकाळी मोठ्या वकिलाला कल्याणला दुसरी मोठी केस निघाली. त्याने नातीच्या हातात फाईल दिली. "तुझंच तर आहे हे. उभी राहा."

म्हणजे दिराने दोन बोकड विकून तीच वकील केली.

नात पुन्हा त्याच जागी उभी राहिली. या वेळी फाईलवर मोठ्या वकिलाचं नाव होतं आणि ते दिसेल अशी तिने ती धरली होती. मी त्याच बाकावर होते. मला वाटलं, आता दीर परत हात जोडणार. पण तो पिंजऱ्याच्या कठड्यावर हात टेकून ऐकत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आजा म्हणायचं सोडून "आरोपी" म्हणाली. आवाज चढवला, भरभर बोलली, मध्येच दोन-तीन कलमांचे आकडे घातले, आणि 'नाही'मधला ह असा काढला की मलाही ऐकू आला. प्रश्न तेच होते, मागच्या वेळी अर्ध्यावर राहिलेले. साक्षीदार म्हणजे फार्महाऊसचा वॉचमन. तिने त्याला विचारलं, तार तुटली त्या दिवशी आवारात कोणती गाडी आली होती? तो म्हणाला, पोहायच्या तलावाच्या लाद्या घेऊन टेम्पो आला होता. टेम्पो कुठून वळला? तो म्हणाला, वाटेवरूनच. तार तोडताना तू आरोपीला पाहिलंस का? नाही. मग नाव कसं घेतलंस? मालकांनी सांगितलं.

पुढच्या तारखेला दीर सुटला.

कोर्टाबाहेर त्याने नातीच्या पाठीवर थाप मारली. "आज तुजं मला काय बी कळलं नाय," तो म्हणाला. "एकदम फस्क्लास बोललीस. सायबाच्या हाताखाली सुधारलीस."

नात हसली. मला वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "आजा, तेच विचारलं मी, जे आधी विचारत होते."

"असंल," दीर म्हणाला. "पन तवा फी भरली नव्हती."

पाड्यावर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दीर प्रत्येकाला सांगायचा, फी भरा आणि मोठ्या वकिलाकडे जा, तिथे आपली पोर हाय, पन आता ती कळेल असं बोलत नाय. माणसं जायला लागली. मोठ्या वकिलाने हिशोब बघितला, स्टूल काढलं आणि तिथे टेबल-खुर्ची टाकली. पगार दिवाळीच्या आधीच सुरू झाला. मुलाने पतपेढीवाल्यांना फोन करून सांगितलं की पोरगी येत नाही. त्यांनी दुसरी ठेवली.

त्या मुंबईच्या संस्थेने नंतर तिला यश कसं मिळवलं ते सांगायला बोलावलं. तिने फोनवर मला विचारलं, "खरं सांगू का?" मी म्हटलं, "नको. बोकडांचं ऐकून बायांना त्रास होईल." ती गेली नाही, त्या दिवशी तारीख होती.

आता पाड्यावरचं कुणी केस घेऊन आलं की ती आधी कोट घालते, मग बोलते. माणूस निघून गेला की माझ्यासमोर आमच्या बोलीत तेच पुन्हा सांगते, मला नीट कळावं म्हणून. दीर त्याच वाटेने खाचराकडे जातो, आता तारेला फाटक आहे. कोर्टात त्याला काही सोसावं लागलं नाही, तो पिंजऱ्यातही आरामात उभा होता. मी बाकावर बसले होते. त्या पहिल्या दिवशी भर कोर्टात सगळ्यांच्या हसण्यात उभी राहिली ती माझी नात.