तीन, दोन, चार, सात

कागदावर ताईंचं काम एका ओळीचं होतं: इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत कपाटातून सामान काढून द्यायचं आणि तास संपला की परत घ्यायचं. सव्वीस वर्षं त्यांनी ते केलं, आणि कुणी न सांगितलेलं त्याच्या दसपट केलं. कुणाची तार उलट लागली, कुणाची चिप तापली, की पोरं शिक्षकांकडे न जाता थेट ताईंच्या टेबलाशी. "काय दिवे लावलेत आज?" म्हणत ताई चष्मा चढवायच्या आणि चूक शोधून द्यायच्या.

दरवर्षी एक प्रकल्प ठरलेला. दहा एलईडी, एकामागून एक पेटत जाणारे. एक चिप ठोके देते, दुसरी ते मोजते आणि एकेका दिव्याला पाळी देते. पण या मोजणाऱ्या चिपचा कारभार भारी तिरपागडा. पहिला दिवा तिच्या तिसऱ्या पायावर, म्हणजे पिनवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा चौथ्यावर आणि मग एकदम सातव्यावर उडी. निम्मा वर्ग, दिव्याला न लागणारा आठवा पाय सोडून, तारा सरळ एक, दोन, तीन अशा जोडायचा आणि दिवे सैरभैर व्हायचे. म्हणून ताईंचा नियम होता. आधी म्हणून दाखवायचं, "तीन, दोन, चार, सात, दहा, एक, पाच, सहा, नऊ, अकरा." त्याशिवाय तार मिळायची नाही.

आताचे विभागप्रमुख सरही एके काळी याच टेबलाशी रडकुंडीला येऊन हे शिकले होते. शिक्षक होऊन परत आले तेव्हा ताईंनी पहिल्याच दिवशी 'अरे'चं 'अहो' केलं. "ताई, तुमच्यामुळे इथवर आलो," सर म्हणाले होते, आणि ताईंनी ते खरं मानलं.

यंदा प्रात्यक्षिक निदेशकाची जागा निघाली. पदवीची अट नव्हती. अनुभव हवा आणि विभागप्रमुखांची शिफारस. ताईंच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्यांना एवढंच हवं होतं, की जे आयुष्यभर शिकवलं ते निदान शेवटी तरी आपल्या नावावर लागावं.

"शिफारस माझ्याकडे लागली. तुम्ही अगदी निश्चिंत राहा," सर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तेवढं आमच्या मेव्हण्याला जरा हातकाम दाखवाल? रिकामाच आहे सध्या."

ताईंनी पंधरा दिवस दाखवलं. आकडे पाठ करायची वेळ आली तेव्हा मेव्हणा हसला. "लिहून घेतो ना, ताई." सरांचा माणूस म्हणून ताईंनी त्याच्याकडून आकडे न म्हणवून घेताच तार दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

निवड समिती आली त्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून कपाटापाशी उभ्या होत्या. समितीतल्या एका बाईंनी अर्ज चाळत विचारलं, "मुलांना या शिकवतात म्हणे?"

"छे हो," सर हसले. "त्या फक्त सामान देतात. मी शिफारस याची केली आहे." त्यांनी शेजारी उभ्या मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेबलावरचा हा दहा दिव्यांचा बोर्ड यानेच बनवलाय."

ताईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग हातातला ट्रे जड झाला. सरांनी केसाने गळा कापला, आणि सुरी आपणच पंधरा दिवस धार लावून दिली. संतापापेक्षा लाज जास्त वाटली, विश्वास ठेवल्याची.

सरांनी बटण दाबलं. तिसरा दिवा पेटला, मग दुसरा, मग चौथा. तिथून उजेड सातव्यावर गेला, नवव्यावर गेला आणि फिरून पहिल्यावर आला. मेव्हणा खिशात कागद शोधू लागला. सरांनी बटण बंद करून पुन्हा दाबलं. दिव्यांनी तोच गोंधळ पहिल्यापासून घातला. समितीतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

एके काळी पाठ केलेले आकडे सरांनाही आठवेनात. ते कपाटाकडे वळले. चेहरा पुन्हा त्या रडकुंडीला आलेल्या पोराचा झाला होता. "ताई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "जरा बघता का?"

दोन मिनिटांचं काम होतं. ताईंच्या ओठांवर आकडे आलेसुद्धा. त्यांनी ते गिळले, कपाटाचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय सामान देऊ, सर?"